टॉम वाजत नसतात तेव्हा टॉमचे माइक काय करतात?

तुमचा प्रश्न मी असा समजलो आहे. कोल्हापुरातल्या एका हॉलमध्ये तुम्ही बँडच्या गाण्यासाठी ड्रम किट रेकॉर्ड केले. किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम), स्नेअर (खाली तारा असलेला ड्रम), हाय-हॅट (पायाने मिटणाऱ्या सिंबलची जोडी), १०, १२ आणि १६ इंची असे तीन टॉम (किटमधले घुमणारे ड्रम; १६ इंची तो फ्लोअर टॉम) आणि वर सगळे किट टिपणारे दोन ओव्हरहेड, असे एकूण आठ माइक होते. टॉमचे ट्रॅक सोलो करून, म्हणजे बाकी सगळे बंद ठेवून, ऐकले की बरे वाटतात, पण सगळे किट एकत्र वाजू लागले की ते पुठ्ठ्याच्या खोक्यावर थाप मारल्यासारखे ऐकू येतात, आणि गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज आपोआप बंद करणारे यंत्र) लावले की टॉमच्या प्रत्येक ठोक्याबरोबर सिंबलचा झणकारा उसळून येतो. गाणे पांढरी चारमध्ये (एफ पट्टीत) आहे, प्रत्येक मुखड्याच्या आधी टॉमचा फिल (ठेका थांबवून वाजवलेला छोटा तुकडा) आहे आणि अंतऱ्यात ड्रमर फ्लोअर टॉमवरच ठेका धरतो. सरळ बाजारातले सॅम्पल (आधीच रेकॉर्ड केलेले तयार ठोके) लावून मोकळे व्हावे का, असे तुम्ही शेवटी विचारले आहे.

मी कोल्हापुरातच बरीच वर्षे रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करतो आहे. टॉमविषयी माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींचे मूळ मला ठोक्यांच्या मधल्या काळात सापडते. चार मिनिटांच्या गाण्यात फिलचे टॉम प्रत्यक्ष वाजतात ते सगळे मिळून वीस-पंचवीस सेकंद. उरलेला सगळा वेळ ते तीन माइक उघडे असतात आणि समोर येईल ते टिपत राहतात: डोक्यावरच्या सिंबल, शेजारचा स्नेअर, खालून येणारी किक आणि त्या किकने जागा होऊन आपोआप घुमणारा टॉमचा स्वतःचा नाद. तुम्ही टॉमचा फेडर (आवाजाची सरकती पट्टी) वर नेता तेव्हा हे सगळेच वर जाते. तेव्हा मूळ प्रश्न असा आहे की या तीन माइकना गाण्यात केव्हा बोलू द्यायचे आणि बोलताना ओव्हरहेडशी त्यांचे कसे जुळवायचे.

ईक्यूला (वेगवेगळ्या पट्ट्यांतला आवाज कमी-जास्त करणाऱ्या यंत्राला) हात लावण्याआधी एक गोष्ट करून पाहा. गाणे चालू ठेवा, तिन्ही टॉमचे ट्रॅक म्यूट करा, अर्धा मिनिट ऐका आणि मग म्यूट काढा. टॉम न वाजणाऱ्या जागीही किटचा रंग बदलत असेल, स्नेअर दूर गेल्यासारखा वाटत असेल, सिंबल कर्कश होत असतील, तर तो बदल हीच तुमची अडचण आहे आणि ती टॉमवर कितीही प्रक्रिया केली तरी जाणार नाही. गेल्या पावसाळ्यात एका तरुण बँडचे मिक्स माझ्याकडे आले होते. किक अस्पष्ट वाटते म्हणून त्यांनी किकवर तीन प्लगइन चढवले होते. मी फ्लोअर टॉम म्यूट केला आणि किक तत्क्षणी स्वच्छ झाली. त्या टॉमचा ट्रॅक एकटा ऐकला तेव्हा कळले की प्रत्येक किकमागे तो जवळजवळ दीड सेकंद ‘हूंऽऽ’ करत घुमत होता. शिवाय पत्र्याच्या छपरावरचा पाऊसही त्याच माइकमध्ये गाणेभर पडत होता. किकमध्ये मुळात काहीच दोष नव्हता.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगितले पाहिजे. खोली कशी होती, पाने (ड्रमवर ताणलेले पडदे) नवी होती की ठोकून ठोकून खड्डा पडलेली, ड्रमर टॉमवर जोर देतो की सिंबलवर, माइक पानापासून किती अंतरावर होता, यावर पुढचे सगळे आकडे वर-खाली होतील. सर्वांत जास्त फरक ट्यूनिंगने पडतो. तबल्याची सोळाही घरे एका सुरात लागली नाहीत तर त्या तबल्याचा आवाज कोणत्याही माइकने सुधारत नाही, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. टॉमचेही तेच आहे. प्रत्येक स्क्रूजवळ, कडेपासून चार-पाच सेंटिमीटर आत हलका ठोका मारून सगळीकडे एकच सूर येतो का, हे वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही पानांवर पाहावे लागते. पावसामुळे टॉम उतरले, असे पुष्कळ ड्रमर सांगतात. हलगीचे किंवा डग्ग्याचे कातडे ओल धरते, म्हणूनच हलगी वाजवण्याआधी शेकतात. टॉमचे पान मात्र प्लॅस्टिकच्या फिल्मचे असते आणि त्याच्यावर दमट हवेचा तसा परिणाम होत नाही. टॉम उतरतो तो बहुधा वाजवता वाजवता सैल झालेल्या स्क्रूंमुळे, आणि ते दोन गाण्यांच्या मध्ये पाच मिनिटांत तपासता येते.

तुमचे रेकॉर्डिंग झालेले आहे असे धरून पुढे जातो. माझी पद्धत अशी आहे की आधी फक्त दोन ओव्हरहेड लावायचे आणि एक फिल त्यांच्यातच ऐकायचा. श्रोत्याला ऐकू येणाऱ्या टॉमचा मोठा भाग ओव्हरहेडमध्येच असतो. जवळचा माइक त्याला वजन आणि ठोक्याची धार देतो. ओव्हरहेडमध्येच टॉम पुठ्ठ्यासारखा येत असेल तर कारण तिथे शोधावे लागेल. आपल्याकडच्या हॉलचे छत पुष्कळदा बुटके असते आणि ओव्हरहेड छताला चिकटल्यासारखे लावलेले असतात. माइक छताच्या ३० सेंटिमीटर खाली असेल, तर छतावर आपटून परत येणारा आवाज ६० सेंटिमीटर जास्त चालतो आणि सुमारे १.७५ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. त्यामुळे दोन्ही आवाज एकमेकांना मारतात आणि साधारण २८५ हर्ट्झच्या आसपास खळगा पडतो, आणि टॉमचा भरीवपणा नेमका त्याच परिसरात असतो. असा खळगा ईक्यूने पूर्ण भरून निघत नाही. तिथे जवळच्या माइकवर जास्त भिस्त ठेवावी लागते, आणि पुढच्या वेळी माइक खाली आणावे किंवा त्यांच्या वर छताला जाड गादी किंवा रजई बांधावी.

त्यानंतर जवळचा माइक आणि ओव्हरहेड यांचा वेळ जुळवायचा. सोलोत बरा वाटणारा टॉम एकत्र ऐकताना पोकळ होतो याचे कारण पुष्कळदा इथेच असते. टॉमचा माइक पानापासून ५ सेंटिमीटरवर आणि ओव्हरहेड १ मीटरवर असेल तर अंतरातला फरक ९५ सेंटिमीटर होतो. आवाज मिलिसेकंदाला सुमारे ३४ सेंटिमीटर चालतो, म्हणजे ओव्हरहेडमध्ये तोच ठोका २.८ मिलिसेकंद उशिरा येतो. ४८ किलोहर्ट्झच्या सेशनमध्ये हे सुमारे १३३ सॅम्पल होतात (इथे सॅम्पल म्हणजे डिजिटल आवाजाचे एक-एक मोजमाप). एवढ्या उशिराने १८० हर्ट्झच्या आसपास दोन्ही लहरी एकमेकींच्या उलट पडतात, आणि १० किंवा १२ इंची टॉमचा मूळ नाद आणि त्याच्या लगतचा भाग नेमका त्या परिसरात असतो. दोन चांगले ट्रॅक एकत्र येऊन एकमेकांचे पोट, म्हणजे खालचा भरीव भाग, कापतात, ते असे. १६ इंची टॉमचा नाद ८० हर्ट्झच्या आसपास असला तर हीच २.८ मिलिसेकंद तिथे फारसे काही बिघडवत नाहीत. लहान टॉम हरवतात आणि फ्लोअर टॉम तेवढा उरतो, ही तक्रार म्हणूनच इतकी ऐकू येते.

पहिला उपाय म्हणजे एकेका टॉमची पोलॅरिटी उलटून, म्हणजे लहर वरची खाली करून, पाहायची. मात्र हे सोलोत करू नका, ओव्हरहेड चालू ठेवून करा, आणि जिथे पोट जास्त भरते ती बाजू ठेवा. त्याने पुरेसे काम झाले नाही तर टॉमचा ट्रॅक ओव्हरहेडमधल्या ठोक्यापर्यंत मागे सरकवा. ओव्हरहेड पुढे ओढण्याचा मोह आवरा, कारण मग किक आणि स्नेअर यांच्याशी त्याचे असलेले नाते बिघडते. टॉमचा ट्रॅक सरकवल्याने त्याच्यात शिरलेला स्नेअरही सरकतो, हे खरे आहे. पण पुढे सांगतो तशी ट्रॅकची सफाई आधी केलेली असेल तर सरकण्यासाठी तिथे स्नेअर जवळजवळ उरतच नाही. म्हणून माझ्या कामाचा क्रम ठरलेला आहे: सफाई, मग वेळ, मग ईक्यू, मग कॉम्प्रेसर (मोठे आवाज आवरणारे यंत्र).

सफाईवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, आणि तुम्हीही घालवावा असे मनापासून सांगतो. गेट हे यंत्र आवाज किती मोठा आहे एवढेच पाहते. जोरात वाजलेला स्नेअर आणि हळू वाजलेला टॉम यांतला फरक त्याला कळत नाही. म्हणून फिलचे टॉम मी हाताने कापतो. लाटेचे चित्र मोठे करून प्रत्येक ठोका शोधायचा, त्याच्या ४-५ मिलिसेकंद आधी कापायचे, तिथे छोटा फेड-इन द्यायचा आणि शेवटी लांब, हळूहळू विरत जाणारा फेड-आउट द्यायचा. चार मिनिटांच्या गाण्याला याला अर्धा-पाऊण तास लागतो. फेडची लांबी टॉमच्या आसेवर, म्हणजे ठोक्यानंतर घुमत राहणाऱ्या नादावर, ठरते. लहान टॉमला ४०० ते ६०० मिलिसेकंद, फ्लोअर टॉमला ८०० मिलिसेकंद ते १.२ सेकंद, असा माझा साधारण अंदाज असतो. मात्र फेड कुठे संपतो हे डोळे मिटून सगळ्या किटबरोबर ऐकल्यावरच ठरवावे. फेड लवकर संपला तर टॉमची मान पिरगाळल्यासारखे वाटते. उशिरा संपला तर सिंबल आधी फुगते आणि मग एकदम बसते, आणि ते कानाला टोचते.

गेटच वापरायचे असेल तर त्याला पूर्ण बंद होऊ देऊ नका. १२ ते १८ डेसिबलच खाली जाऊ द्या, लुक-अहेड (ठोक्याआधीच उघडणे) २-३ मिलिसेकंद, होल्ड (उघडे राहण्याचा वेळ) १५० ते २०० आणि रिलीज (मिटण्याचा वेळ) ३०० ते ४०० मिलिसेकंद ठेवा. की-फिल्टरमध्ये (गेट काय ऐकून उघडते ते ठरवणाऱ्या फिल्टरमध्ये) वरचा सगळा भाग कापून गेटला फक्त त्या टॉमचा मूळ नाद ऐकवा, म्हणजे सिंबलने ते उघडणार नाही. १० आणि १२ इंची टॉमच्या बाबतीत स्नेअरचा मूळ नाद अगदी शेजारी असतो, त्यामुळे तिथे गेट चुकणारच. हात न लावता काम होईल ते बहुधा फ्लोअर टॉमवरच.

आता तुम्ही ज्याला सिंबलचा झणकारा म्हणता त्याकडे येतो. सगळ्यात अवघड जागा फिलच्या शेवटी असते, कारण शेवटचा ठोका फ्लोअर टॉमवर पडतो आणि लगेच समेवर क्रॅश (जोरात वाजणारी मोठी सिंबल) येतो. गाण्याची लय मिनिटाला ९६ मात्रांची असेल आणि फिल चौपट लयीत असेल, तर त्या दोन ठोक्यांमध्ये जेमतेम १५६ मिलिसेकंद असतात. फ्लोअर टॉमची आस त्याहून कितीतरी लांब असल्यामुळे तिचा बहुतेक भाग क्रॅशच्या खालीच जातो. आस कापली तर फिल तोंडावर पडतो, आणि ठेवली तर क्रॅश एका बाजूला दुप्पट होतो. इथे मी लो-पास फिल्टर (वरचा भाग कापून खालचाच जाऊ देणारा) ऑटोमेट करतो, म्हणजे गाण्याबरोबर आपोआप हलवतो. ठोक्याच्या क्षणी फिल्टर पूर्ण उघडा ठेवतो, पुढच्या ८०-१०० मिलिसेकंदांत तो ४००-५०० हर्ट्झपर्यंत खाली आणतो आणि तिथेच राहू देतो. काठीची धार ठोक्याच्या पहिल्याच काही मिलिसेकंदांत येऊन जाते आणि त्यानंतर उरतो तो घुमारा. घुमाऱ्याला वरच्या पट्टीची गरज नसते, आणि क्रॅशचा खालच्या पट्टीत फारसा वाटा नसतो. दोघांची जागा इतकी वेगळी असल्यामुळे हा उपाय ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. त्या समेवर किक असेल तर ती मात्र आसेत मिसळलेली राहील, तेवढे चालवून घ्यावे.

ईक्यू इथपर्यंत आल्यावर सोपे होते. पुठ्ठ्याचा आवाज बहुधा ३५० ते ५०० हर्ट्झमध्ये असतो, तिथे रुंद पट्ट्याने ४ ते ८ डेसिबल कमी करा. त्या टॉमचा मूळ नाद शोधून तिथे २-३ डेसिबल वाढवा आणि त्याच्याखालचे काढून टाका, म्हणजे फ्लोअर टॉमला ५० हर्ट्झच्या खालचे आणि लहान टॉमना ७०-८० च्या खालचे. काठीचा ठोका ३ ते ५ किलोहर्ट्झमध्ये असतो. तिथे वाढवताना सिंबल पुढे आली तर हात मागे घ्या आणि धार ट्रान्झिएंट शेपरने (फक्त ठोक्याची सुरुवात वाढवणाऱ्या प्लगइनने) काढा. ट्रॅकमध्ये खालचा भाग मुळातच कमी असेल तर माइकही पाहा. सेनहायझरच्या एमडी ४२१ वर खालचा आवाज कापणारी फिरती कडी असते. ती ‘एस’च्या (स्पीच, म्हणजे बोलण्याच्या) बाजूला राहिली असेल तर पोट रेकॉर्डच झालेले नसते, आणि माझ्याकडे आलेल्या दोन सेशनमध्ये तसेच झाले होते.

कॉम्प्रेसरबद्दल थोडक्यात सांगतो. ४ ला १ प्रमाण, अटॅक (दाबायला सुरुवात होण्याचा वेळ) २० ते ३० मिलिसेकंद म्हणजे ठोक्याची धार न दबता निसटून जाईल, रिलीज १०० ते १५०, आणि काटा ३ ते ६ डेसिबलच्या पुढे जाऊ देऊ नका. पॅन (डावी-उजवी जागा) ओव्हरहेडमध्ये टॉम जिथे ऐकू येतो तिथेच ठेवा. जवळचा माइक दुसरीकडे लावला तर एकच टॉम दोन ठिकाणी वाजतो. रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा) सव्वा-दीड सेकंदाचा पुरे, आणि त्यातले २०० हर्ट्झच्या खालचे कापा. तो सफाई झालेल्या ट्रॅकवरूनच पाठवा, नाहीतर गाणेभर सिंबल रिव्हर्बमध्ये तरंगत राहतील. फिल तरीही गिटारखाली दबत असेल तर टॉम आणखी वाढवण्याऐवजी फिलपुरत्या गिटार १ डेसिबल खाली घ्या. बऱ्याच वेळा तेवढ्याने जागा मिळते.

अंतऱ्याला मात्र हे नियम लागू नाहीत. तिथे फ्लोअर टॉम हाच ठेका आहे, तेव्हा प्रत्येक ठोका कापत बसलात तर ठेक्याचा श्वास तुटेल. अंतरा सुरू होतो तिथून संपतो तिथपर्यंत तो ट्रॅक अखंड ठेवा. ड्रमर त्या भागात सिंबल फारशी वाजवत नसेल तर लीकेजचाही (टॉमच्या माइकमध्ये शिरणाऱ्या इतर आवाजांचाही) विशेष त्रास होणार नाही. तुमच्या गाण्याच्या पट्टीमुळे मला तिथे वेगळीच शंका येते. पांढरी चारमध्ये बेसचा खालचा षड्ज ४३.७ हर्ट्झ आणि त्याच्या दुप्पट ८७.३ हर्ट्झ. तुमचा फ्लोअर टॉम ८२ च्या आसपास, म्हणजे पांढरी तीनला लागला असेल, तर दोन्ही नाद एकमेकांवर घासून सेकंदाला पाच वेळा लाटांसारखे कमी-जास्त होतील. दोन तंबोऱ्यांच्या तारा किंचित विसंवादी लागल्या की जे ऐकू येते, तेच हे आहे. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण अंतरा गढूळ वाटतो. आधी फ्लोअर टॉमची आस अॅनालायझरवर पाहा. शंका खरी निघाली तर फक्त अंतऱ्यातला जवळचा ट्रॅक अर्धा स्वर चढवा. ओव्हरहेडमधला जुना सूर तरीही राहील, म्हणून त्या भागापुरते ओव्हरहेडमधले १२० हर्ट्झच्या खालचे कापून टाका.

सॅम्पलला माझा तात्त्विक विरोध नाही. पाने मेलेली असतील, ट्यूनिंग हातातून गेलेले असेल, तर सॅम्पलच गाणे वाचवतात. पण बाजारातला सॅम्पल दुसऱ्या खोलीतला, दुसऱ्या टॉमचा असतो. तो मूळ ट्रॅकऐवजी लावलात तर ओव्हरहेडमध्ये जुना टॉम वाजतच राहतो आणि एकाच ठोक्याला दोन सूर येतात. लावायचाच असेल तर तो मूळ ट्रॅकखाली ठेवा, त्याचा सूर मूळ टॉमला मिळवून घ्या आणि पहिल्या ठोक्याची लाट मोठी करून पाहा की दोन्ही एकाच दिशेने उठतात की नाही. याहून खात्रीचा मार्ग म्हणजे स्वतःच्याच टॉमचे सॅम्पल. हॉल अजून मिळण्यासारखा असेल आणि किट व माइक हललेले नसतील, तर ड्रमरला एक तासासाठी बोलवा. सिंबल उतरवून ठेवा, स्नेअरच्या तारा सैल करा, पंखे बंद करा. प्रत्येक टॉमवर हळू, मध्यम आणि जोरात असे प्रत्येकी आठ-दहा ठोके घ्या, आणि आस पूर्ण विरल्याशिवाय दुसरा ठोका मारायचा नाही, हे त्याला बजावून सांगा. फिलमधला जो ठोका क्रॅशखाली गाडला गेला आहे त्याच्या जागी त्याच जोराचा यातला ठोका बसवा. टॉम तोच, खोली तीच आणि माइकही तोच असल्यामुळे तो ओव्हरहेडशी सहज जुळून येतो. हॉल सोडला असेल तर आधी त्याच टेकमध्ये शोधा. गाण्याच्या सुरुवातीला, शेवटी किंवा साउंड चेकच्या फाइलमध्ये एखादा सुटा, स्वच्छ ठोका बहुधा सापडतो.